आपल्याचा ‘हां’

त्या दिवशी सकाळी माझी बायको ओट्यापाशी पडली. मी वर्तमानपत्र ठेवून आत गेलो. शेजाऱ्याने गाडी काढली. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूत रक्ताची गाठ आहे. संध्याकाळी तिने डोळे उघडले. डॉक्टरांनी विचारलं, “आजी, ऐकू येतंय का?” ती म्हणाली, “हाव.” त्यानंतर तिच्या तोंडून दुसरा शब्द आला नाही.

आमच्याकडे हाव म्हणजे हो. लातूर असो की नांदेड, बाजारात, एस्टीत, लग्नाच्या बोलणीत माणसं हावच म्हणतात. पुस्तकातल्या मराठीत मात्र हाव म्हणजे लोभ. मी लातूरच्या एका शाळेत जन्मभर मराठी शिकवलं. “हाव धरू नये, हो म्हणावं,” हा माझा वर्गातला ठरलेला विनोद होता आणि त्याला पोरं कधी हसली नाहीत. लग्न झाल्यावर मी तो बायकोलाही सांगितला होता. तिने ऐकून घेतलं, डाळीतला खडा वेचून बाजूला टाकला आणि म्हणाली, “हाव.”

तिच्याजवळ नेमका तोच शब्द उरला.

उजवा हात आणि उजवा पाय गेला होता. डॉक्टर तरुण होते, शांतपणे समजावून सांगणारे. म्हणाले, अशा आजारात कधीकधी सगळी भाषा जाते आणि एखादाच शब्द मागे राहतो. रोगी काहीही सांगायला गेला तरी तोच बाहेर पडतो. “शब्द आहे म्हणून अर्थ असेलच असं समजू नका, सर.” मला ते वाक्य आवडलं नाही, पण त्यात काढण्यासारखी चूकही सापडली नाही.

तिची धाकटी बहीण उदगीरहून आली. या दोघींच्या माहेरी घरात कानडी चालायची. पलंगाशी बसून तिने दोन-तीनदा हाक मारली, उत्तर ऐकलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “दाजी, अक्का हाव न्हाई म्हणत. हौदु म्हणून राहिली. आमच्या अव्वाची बोली परत आली बगा तिला.” माझी सून देगलूरची, तिची आजी तेलुगू बोलायची. ती हळूच म्हणाली, “मामा, मला तर अवुनु ऐकू आलं.” तिन्ही शब्दांचा अर्थ हो. ज्याला त्याला आपल्या घरातलं हो ऐकू आलं आणि सगळ्यांना बरं वाटलं.

मुलगा नोकरीने नांदेडला. तो रात्रीचा प्रवास करून आला होता आणि त्याच शर्टात पलंगाच्या कडेला बसला होता.

“अव्वा, नांदेडला येतीस का माझ्याकडं?”

“हाव.”

“इथलं घर बंद करून जाऊ. अप्पाला एकट्याला जमायचं न्हाई. चालंल ना?”

“हाव.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला दिसला. “बघा अप्पा, तीच म्हणली.” मीही मान हलवली. हो म्हटलेल्या माणसाला पुन्हा काय विचारायचं? शाळेत मी शिकवायचो, होकारार्थी वाक्य ते होकारार्थी, नकारार्थी ते नकारार्थी.

आमचं लातूरचं घर गोलाईच्या बाजारामागच्या एका गल्लीत आहे. तळमजला, दोन खोल्या, दारासमोर दगडी कट्टा. त्या कट्ट्यावर बसून ती निवडण-टिपण करायची आणि गल्लीतून जाणारा प्रत्येक जण तिच्याशी दोन शब्द बोलून पुढे जायचा. तो कट्टा बंद दारासमोर तसाच ठेवून आम्ही निघालो. अहमदपूरपर्यंत ती काचेतून बाहेर बघत होती. पुढे झोप लागली असावी.

*

नांदेडचं सांगण्याआधी मला त्या माणसाचं सांगायला हवं, ज्याच्यामुळे पुढचं सगळं घडलं.

तो सिनेमातला नट. मी त्याचं नाव लिहीत नाही, कारण तिने ते कधी घेतलं नाही. ती माझंही नाव घ्यायची नाही, पण दोन्हींत फरक होता. मी ‘हे’ होतो आणि तो ‘आपला’. “आज आपल्याचा पिच्चर लागलाय.” “आपला आता म्हातारा दिसायला लागला.” ‘हे’ म्हणजे घरात समोर असलेली वस्तू. आपला म्हणजे आपला.

उदगीरला तिच्या वडलांचं कापडाचं दुकान. लिंगपूजा झाल्याशिवाय पाणी न घेणारे, शिस्तीचे गृहस्थ. पण आपल्याचा सिनेमा लागला की ते दुकानाचं एक फळकूट लावून घ्यायचे आणि घरादाराला घेऊन जायचे. कारण विचारलं तर म्हणायचे, “बगायला नगं का, कसा हाय पोरगा?” जणू तो एखादं स्थळ होता. ते वेड तिने माहेराहून आणलं. भांडी, लुगडी आणि आपला.

मला सिनेमाचं वावडं नव्हतं, पण मी पुस्तकं वाचणारा माणूस. नट कशाने मोठा होतो याची माझी काही मापं होती. त्याला वेगवेगळ्या भूमिका साधायला हव्यात. राजा झाला तर राजा दिसावा, हमाल झाला तर हमाल. आवाज कमावलेला हवा. एक पात्र दुसऱ्यासारखं चालता कामा नये. आणि आपला तर सगळ्या सिनेमांत एकसारखाच चालायचा, डावा खांदा किंचित खाली टाकून. केसही तेच.

“मग काय झालं?” ती म्हणायची. “तुम्ही रोज येगळे चालता का?”

“अगं, मी नट नाही.”

“म्हणून तर. तुम्हाला एकच चालणं हाय अन् तेबी ध्यानात राहत न्हाई कुणाच्या.”

माझी दुसरी तक्रार एकेरीची होती. वयाने, मानाने एवढ्या मोठ्या माणसाला अरे-तुरे करायचं? मी एकदा तसं बोललो. ती भाकरी थापत होती. परातीवरचा हात न थांबवता म्हणाली, “देवाला अहो म्हणता का तुम्ही?”

व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला या प्रश्नाचं उत्तर यायला हवं होतं.  मग मी त्यावर बरेच दिवस विचार केला, वर्गात आदरार्थी बहुवचन शिकवतानाही केला. आपण अहो कुणाला म्हणतो? तहसीलदाराला, मुख्याध्यापकाला, जावयाला, पंगतीतल्या परक्या माणसाला. बदली झाली की साहेब विसरला जातो. देवाला, आईला, मायेच्या माणसाला आपण अगं-अरे म्हणतो. अहो हा मोठेपणाचा शब्द आहे, पण त्याच्याही वर एक जागा आहे आणि तिथे पुन्हा एकेरी सुरू होते. नट पुष्कळ होऊन गेले, चांगले नटही पुष्कळ. त्यांच्याविषयी बोलताना आपण आदराने बोलतो. ज्याच्याविषयी आदराने बोलायला गेलं तर जीभ अडखळते, तो एखादाच. पन्नास पुरस्कार देऊन हे होत नाही. माझ्या मापांत हे बसत नव्हतं, म्हणून मी तिला ते कधी बोलून दाखवलं नाही.

आपला गेला तेव्हा मी तिला पेपर वाचून दाखवत होतो. “त्यांचे काल निधन झाले,” एवढं वाचलं. तिने मला थांबवलं.

“निधन नका म्हणू. आपला गेला म्हणा.”

*

आमच्यातल्या वादाचा एक सिनेमा होता. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती. लातूरच्या थेटरात बायकांच्या बाल्कनीला तेव्हा पडदा असायचा, पण त्या दिवशी गर्दीमुळे आम्ही खाली शेजारी शेजारी बसलो होतो. आपला त्यात नावाडी होता. पुराच्या दिवसांत कुणीतरी काठावरची नाव सोडून दिलेली असते, ती वाहून जाते आणि पलीकडच्या गावाला अन्न पोचत नाही. नाव कुणी सोडली ते तोवर सिनेमात दाखवलेलं नसतं. पंच बसतात. नावाड्याला उभं करतात आणि विचारतात, नाव तूच सोडलीस का?

तो म्हणतो, “हां.”

एवढंच. त्यावर मध्यंतर. दिवे लागले. मी भज्यांचा कागद तिच्यापुढे धरला.

“यानं न्हाई सोडली,” ती म्हणाली.

“अगं, त्याने स्वतःच कबूल केलं की.”

“तोंडानं.”

“मग माणूस कशाने कबूल करतो?”

ती माझ्याकडे बघत राहिली. “तुम्हाला पुस्तकातलंच दिसतंय बगा. माणसाचं तोंड वाचायला येत न्हाई.” मग कीव आल्यासारखी भजी खात म्हणाली, “तोंडानं हां म्हणला. बाकी सगळ्या अंगानं न्हाई म्हणला. सगळ्या थेटराला कळलं, तुम्ही कुठं होता?”

शेवटी नाव दुसऱ्याच कुणी सोडल्याचं निघालं. घरी जाताना मी म्हणालो की लेखकाने चतुराई केली.  पण पुढे आयुष्यभर मला एखादी गोष्ट उशिरा उमगली की ती एवढंच म्हणायची, “आपल्याचा हां.” साडी घ्यायची नाही असं ती सांगायची आणि मी खरंच घ्यायचो नाही, तेव्हा. नणंदेच्या घरी मुक्काम करू म्हणायची आणि मी करायचो, तेव्हा. आमच्या घरातली ती म्हण झाली होती. तिला बोलता येत होतं तोवर ती म्हण कामाची होती.

*

नांदेडचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. मुलाने तो हौसेने घेतलेला, सुनेने नीट ठेवलेला. लिफ्ट होती, पण ती कधी चालू असेल याचा भरवसा नव्हता. चाकाची खुर्ची बाथरूमच्या दारातून आत जात नसे, तेव्हा तिथवर खुर्चीने आणि पुढे उचलून न्यावं लागे. बाल्कनीला लोखंडी जाळी होती, तिच्या आतून कबुतरांसाठी नायलॉनची आणखी एक जाळी. त्या दोन जाळ्यांतून समोरच्या इमारतीची मागची भिंत दिसायची, तिच्यावर टांगलेले एसीचे डबे आणि त्यांतून ठिबकणारं पाणी. गोदावरी इथून जवळ आहे, असं मुलगा म्हणायचा. जवळ असेलही.

कुणी वाईट वागत नव्हतं, हे मला इथे लिहून ठेवायला हवं. सून तिची वेणी घालायची. मुलगा कामावरून आला की आधी तिच्याजवळ बसायचा. पण तिच्याशी बोलायची एक रीत पडून गेली होती. सगळे तिला हो-नाहीचे प्रश्न विचारायचे, आणि ती हाव म्हणायची.

“आत्या, आणखी अर्धी भाकरी वाढू?” “हाव.”

“पंखा कमी करू?” “हाव.” थोड्या वेळाने, “वाढवू का?” “हाव.”

“खिडकी लावून घेऊ?” “हाव.”

पाहुणे यायचे. “बरं वाटतंय ना आता?” “हाव.” “पोरापाशी आलात, सोनं झालं.” “हाव.” ते समाधानाने चहा प्यायचे. एक गृहस्थ तर म्हणाले, “सर, तुमच्या मिसेस लई समजूतदार हायत. कशालाच नाही म्हणत नाहीत.”

ती जास्तीची भाकरी डाव्या हाताने हळूहळू संपवायची. नको असलेला पंखा अंगावर घ्यायची. उन्हाच्या दिवसांत तिच्या पायांवर शाल असायची, कारण कुणीतरी विचारलं होतं. प्रत्येक हाव म्हणजे एक वीट, आणि त्या विटा तिच्याच तोंडून घेऊन आम्ही तिच्याभोवती रचत होतो. मला ते दिसत होतं असं मी म्हणणार नाही. मला एवढंच दिसत होतं की ती खुर्चीत रोज थोडी खाली घसरते आहे आणि तिला वर ओढून बसवावं लागतं आहे.

माझंही वेगळं नव्हतं. पुस्तकं लातूरच्या कपाटांत राहिली होती. इथे मी सकाळी बाल्कनीत बसायचो, ऊन आलं की आत, टीव्ही लागला की पुन्हा बाहेर. “अप्पा, करमतंय ना?” मुलगा विचारायचा. मी हो म्हणायचो, पुस्तकातलं, शुद्ध. लातूरला जायचा विचार मनात यायचा. पण ती हाव म्हणाली होती. तिच्या शब्दावर आम्ही इथे आलो होतो. मग मी कोणत्या तोंडाने परत चला म्हणायचं?

*

एक दुपार अशी आली की सून आमच्या दोघांसमोर जुन्या सिनेमांचं चॅनेल लावून स्वयंपाकघरात गेली आणि पडद्यावर पूर आला. नदी, काठ, सुटलेली नाव. मी बाहेर जायला उठलो होतो, तो तसाच थांबलो.

गोष्ट मला आता माहीत होती. गोष्ट माहीत असली की माणूस नटाकडे बघायला मोकळा होतो. थेटरात मी नाव कुणी सोडली ते शोधत होतो. या वेळी मी फक्त त्याच्याकडे बघितलं.

पंच विचारतात. आपला उभा आहे, डावा खांदा खाली. तो श्वास घेतो. आता बोलणार असं वाटतं. पण तो बोलत नाही, घेतलेला श्वास सोडून देतो. छाती खाली जाते. आणि मग, आत काही उरलेलं नसताना, म्हणतो, “हां.”

खरं हो श्वासावर स्वार होऊन येतं. हे श्वास निघून गेल्यावर आलं होतं. शब्द दुसऱ्या कुणी लिहून दिलेला, एकच, आणि तोही उलट्या अर्थाचा. त्या शब्दात त्याला कोंडून घातलं होतं. त्याने शब्दाला हात लावला नाही. शब्दाच्या आधी जी रिकामी जागा होती, तिथे जे सांगायचं ते सांगून टाकलं. मोठा नट म्हणजे काय यावर मी काय काय वाचलं होतं! आणि हे त्यात कुठेच नव्हतं की अशा माणसाबरोबर हजार अनोळखी माणसं आपापल्या खुर्चीत एकदम श्वास सोडतात आणि त्यांना ते कळतही नाही.

मला कळलं, कारण माझ्या शेजारच्या खुर्चीतून तो श्वास मला ऐकू आला. त्याच्याबरोबर, त्याच क्षणी. मी वळून बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. अर्धा चेहरा हलत नव्हता, पण उरलेल्या अर्ध्यावर मध्यंतरातली ती नजर होती. तुम्ही कुठं होता?

मी टीव्हीचा आवाज बंद केला.

“तुला इथं नांदेडला राहायचंय का?”

तिने श्वास घेतला. सोडला. छाती खाली गेली. मग म्हणाली, “हाव.”

“लातूरला जायचंय?”

“हाव!” माझं वाक्य पुरं व्हायच्या आत.

मी पुन्हा विचारलं, उलटसुलट करून, शब्द बदलून, मुलांची उत्तरं तपासतात तसं. दर वेळी तेच. दवाखान्यातल्या त्या दिवसाची मला आठवण झाली. मुलाने विचारलं होतं आणि ती थोडी थांबली होती. दमली असेल, असं तेव्हा वाटलं होतं. परीक्षेत मी दर वर्षी एक प्रश्न घालायचो, ‘अर्थ न बदलता वाक्य नकारार्थी करा’. ती इतके महिने शब्द न बदलता वाक्य नकारार्थी करत होती.

*

संध्याकाळी जेवताना मी हे मुलाला सांगितलं. तो घास हातात धरून ऐकत राहिला.

“अप्पा, डॉक्टर काय म्हणले होते? शब्द हाय म्हणजे अर्थ असतोच असं न्हाई. तुम्हाला वाटून राहिलंय.”

“तू विचारून बघ.”

“काय विचारू? ती हावच म्हणणार.”

“शब्द ऐकू नकोस. आधी श्वास कुठे जातो ते बघ.”

“म्हणजे आता सिनेमा बघून उपचार करायचे?” तो हसला, पण ते हसणं चांगलं नव्हतं. “इथं आम्ही काय कमी केलं तिला? सांगा ना. दवाखाना जवळ, व्यायाम घ्यायला माणूस घरी येतो. तुमचे गुडघे हे असे. तिथं कोण उचलंल तिला? आणि लोक म्हणतील पोरानं काढून दिलं.”

सगळं खरं होतं.  खुर्चीत ती आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. तिच्याविषयी बोलणं चाललं होतं आणि तिच्याजवळ त्यात घालायला एकच शब्द होता.

मग सून हात पुसत बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. ती खुर्चीसमोर उकिडवी बसली.

“आत्या, खरं खरं सांगा. मी सैपाक चांगला करते का?”

माझ्या बायकोने तिच्याकडे पाहिलं. श्वास घेतला. आमच्या तिघांच्या नजरा तिच्या छातीवर. श्वास सावकाश, पूर्ण, बाहेर पडला. मग ती म्हणाली, “हाव.”

 मग सून एवढी हसली की खाली फरशीवरच बसली. “मामा, खरं हाय तुमचं! सगळं कळून राहिलंय आत्याला. इतके दिवस अर्धी भाकरी जास्तीची वाढत होते मी माय!” आणि तिच्या हसण्यात माझ्या बायकोच्या चेहऱ्याची डावी बाजू हलली. इतक्या महिन्यांत ती हसलेली मी पहिल्यांदा पाहिली.

मुलगा हसला नाही. तो ताट बाजूला सरकवून तिच्याजवळ गेला.

“अव्वा. दवाखान्यात मी विचारलं होतं, येतीस का म्हणून. तवा तुला यायचं नव्हतं का?”

“हाव.” लगेच. श्वासावर.

तो उठून बाल्कनीत गेला आणि त्या दोन जाळ्यांसमोर पाठ करून उभा राहिला. बऱ्याच वेळाने आत आला तेव्हा म्हणाला, “दसरा होऊ द्या. मग सोडतो.” त्याच्या बोलण्यातला दुखावलेपणा पुढे बरेच दिवस गेला नाही. तो जावा अशी माझी अपेक्षाही नव्हती.

*

दसऱ्यानंतर आम्ही लातूरला आलो. गाडी गल्लीत शिरली तशी दारं उघडली. मुलाने तिला उचलून कट्ट्यालगत खुर्चीत बसवलं. समोरच्या म्हातारीने हाक मारली, “आलीस का गं बाई?”

“हाव.”

ते हाव कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

घरी आलो म्हणजे सुटका झाली असं मात्र नव्हतं. शब्द एकच होता. हात एकच होता. गल्लीतली एक बाई सकाळ-संध्याकाळ मदतीला यायची, उदगीरची बहीण महिन्यातले काही दिवस येऊन राहायची आणि तिच्याशी कानडीत भांडायची. उत्तरादाखल तिला हौदु ऐकू येतच होतं. बाकीचा वेळ आम्ही दोघं. मी प्रश्न विचारायला शिकलो. आधी चुकीचा विचारायचा, मग बरोबर. भात हवा का, श्वास सुटला, नको. भाकरी? हवी. आमचं बोलणं असं चालायचं, तिच्या छातीकडे बघत. बाहेरच्याला ते विचित्र दिसलं असेल. पण जन्मभरात मी तिच्याकडे इतकं लक्ष देऊन कधी बघितलं नव्हतं, आणि बघायला एवढंच उरलं होतं.

एका दुपारी मी तिला एक प्रश्न विचारला. तो विचारायचा असं ठरवलं नव्हतं. तिच्या डाव्या हाताची नखं काढत होतो आणि तोंडून गेला. “माझ्यासोबत बरं गेलं का तुझं?”

विचारल्याबरोबर मी मान खाली घातली आणि नखाकडे बघत राहिलो. बाहेर भंगारवाला ओरडत होता. तिचा श्वास मला ऐकू आला नाही. मग ती म्हणाली, “हाव.”

मी पुन्हा विचारलं नाही.

ती उन्हाळ्याच्या सुरुवातीला गेली, सकाळी, कट्ट्यावर नेण्याच्या आधी. आमच्यात दहन करत नाहीत, बसवून पुरतात. खुर्चीत जशी बसायची, तशीच तिला बसवलं. शाळेच्या माजी शिक्षकांनी वर्तमानपत्रात दिलं की त्यांचे निधन झाले. भेटायला येणाऱ्यांना मी सांगायचो, ही गेली.

मुलगा दर रविवारी फोन करतो. इकडचं तिकडचं झालं की विचारतो, “अप्पा, मग येता का नांदेडला?”

मी म्हणतो, “हाव.”

 फोनमधून श्वास ऐकू जातो, हे मला आधी माहीत नव्हतं. मग तो म्हणतो, “बरं. नका येऊ. जेवलात का?”

त्या थेटरच्या जागी आता दुकानं आहेत. घरात टीव्ही आहे, तो मी फारसा लावत नाही. चाकाची खुर्ची दवाखान्याला देऊन टाकली. कट्ट्यावर सकाळी ऊन येतं, तेव्हा मी तिथे बसतो. मी हो म्हणत नाही आता. हाव म्हणतो.